सहा तारांचें वाद्य आणि आमची उपासना

जयंती-महोत्सवाच्या स्मरणिकेंत धर्मगुरूनें काय लिहावें, ह्याची रूढि ठरलेली आहे. जमीन केव्हां मिळाली, पाया कोणीं घातला, कोणते धर्मगुरु आले व गेले, बाप्तिस्मे किती झाले व विवाह किती लागले, ह्यांची नोंद अशा पुस्तकांत असावयाचीच. आणि ती ह्या पुस्तकांतहि इतरत्र आली आहे. परंतु धर्मग्रामाचा इतिहास म्हणजे केवळ भिंतींचा इतिहास नव्हे. त्या भिंतींच्या आंत जे स्वर उमटले त्यांचाहि एक इतिहास असतो, आणि तो लिहून न ठेविल्यास गाणाऱ्या माणसांबरोबर निघून जातो. म्हणून ह्या मंगल प्रसंगीं, वेदीच्या डाव्या अंगास गायकवृंदाच्या बांकाला टेकून ठेविलेल्या एका वाद्याविषयीं लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. तें वाद्य म्हणजे गिटार.

हा विषय आम्हीं होऊन शोधिलेला नाहीं. तो आमच्यावर येऊन पडला. महोत्सवाच्या तयारीची सभा भरली असतां आपल्यांतील एका वयोवृद्ध गृहस्थांनीं उभें राहून विचारिलें, "फादर, पेटी आहे, तबला आहे, टाळ आहेत. मग हें सिनेमाचें वाद्य देवाच्या दारांत कशाला?" प्रश्न रागाचा नव्हता, कळकळीचा होता. आपण वैजनाथाच्या क्षेत्रांत राहतों. येथें पहांटेपासून भजनाचे सूर कानीं पडतात, एकतारी आणि वीणा ह्यांना लोक हात जोडतात, आणि वाद्याला पाय लागला तर नमस्कार करितात. अशा गांवांत राहणाऱ्या भाविकानें देवापुढें कोणतें वाद्य असावें ह्याची चौकशी करावी, हें योग्यच झालें. परंतु मागच्या बांकावर बसलेल्या आमच्या तरुणांनीं त्या वेळीं माना खालीं घातल्या, तेंहि आम्हीं पाहिलें. त्या दिवशीं आम्हांस नीट उत्तर देतां आलें नाहीं. तें कां देतां आलें नाहीं, हें पुढें सांगूं. प्रथम ह्या वाद्याचा इतिहास पाहूं; कारण पुष्कळसे वाद इतिहास ठाऊक नसल्यामुळेंच वाढतात.

गिटार हा शब्द स्पॅनिश भाषेंतून जगभर पसरला, आणि त्याचें मूळ ग्रीक भाषेंतील 'किथारा' ह्या शब्दांत आहे. सेमिनरींत लॅटिन स्तोत्रसंहिता वाचतांना 'किथारा' हा शब्द आम्हांस वारंवार भेटला होता. मराठी शास्त्रांत त्या ठिकाणीं वीणा हा शब्द येतो. अर्थात् दावीद राजाच्या हातीं गिटार होती असें कोणी समजूं नये. शब्दाचें कुळ एक असलें तरी वाद्याचें एक नाहीं. इतकेंच कीं, नांवानें तरी हें वाद्य पवित्र शास्त्राला परकें नाहीं.

गिटारीचा जवळचा पूर्वज म्हणजे सोळाव्या शतकांत स्पेन देशांत वाजविली जाणारी 'विहुएला'. आकार बहुतेक आजच्या गिटारीसारखा, आणि तारांच्या सहा जोड्या. ह्या वाद्यासाठीं छापलेलें पहिलें संगीत-पुस्तक १५३६ सालीं व्हॅलेन्सिया येथें प्रसिद्ध झालें. कर्ता लुइस दे मिलान; पुस्तकाचें नांव 'एल माएस्त्रो', म्हणजे 'गुरुजी'. तें नांव सार्थ होतें. कारण ज्याच्याजवळ शिक्षक नाहीं अशा नवशिक्यानें सोप्यापासून अवघडाकडे पायरीपायरीनें कसें जावें, हें दाखविण्यासाठीं तें रचिलें होतें. तें पुस्तक कर्त्यानें पोर्तुगालचा राजा तिसरा जॉन ह्यास अर्पण केलें. वाचकहो, हें नांव आपल्या कानांवरून गेलेलें असेल. ह्याच राजाच्या इच्छेवरून संत फ्रान्सिस झेवियर १५४१ सालीं लिस्बन बंदरांतून निघाले आणि ६ मे १५४२ रोजीं गोव्यास उतरले. हौशी शिकाऊ वादकाचें पहिलें पुस्तक आणि हिंदुस्थानचा हा प्रेषित, हीं दोन्हीं एकाच राजाच्या काळांतलीं, असें म्हटल्यास चूक होणार नाहीं.

पुढें सव्वाशेंहून अधिक वर्षांनीं, १६७४ सालीं, स्पेनमधील सारागोसा नगरांत गास्पार सान्स ह्यांनीं स्पॅनिश गिटारीच्या शिक्षणाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. हे सान्स कोण? सालामांका विद्यापीठांत ईश्वरविद्या शिकलेले एक धर्मगुरु. डाव्या हाताचीं बोटें कोठें ठेवावीं, उजव्या हातानें तारा कशा छेडाव्या, हें सांगण्यांत त्यांना कमीपणा वाटला नाहीं. त्यांनीं लिहिलेल्या नृत्यगीतांच्या आधारें होआकिन रोद्रिगो ह्या अंध संगीतकारानें १९५४ सालीं एक मोठी रचना केली, आणि ती आंद्रेस सेगोविया ह्या थोर वादकासाठीं केली. म्हणजे एका धर्मगुरूचे स्वर तीनशें वर्षांनंतर जगाच्या मोठमोठ्या सभागृहांत घुमले.

आज आपण जिला गिटार म्हणतों तिचा घाट एकोणिसाव्या शतकांत ठरला. स्पेनमधील आल्मेरिया येथील सुतार-कारागीर आंतोनियो दे तोर्रेस (१८१७–१८९२) ह्यांनीं पेट मोठें केलें आणि वरच्या फळीखालीं पंख्याच्या काड्यांसारख्या पट्ट्या बसविल्या. त्यामुळें पातळ फळीहि तारांचा ताण सोसूं लागली आणि आवाज खुलला. त्यापूर्वींच, १८३३ सालीं, जर्मनींतून अमेरिकेस गेलेल्या मार्टिन नांवाच्या कारागिराच्या कारखान्यांत निराळ्या घडणीच्या गिटारी होऊं लागल्या होत्या. विसाव्या शतकांत त्यांवर पोलादी तारा चढल्या. जुन्या स्पॅनिश वाद्याला आंतड्याच्या तारा असत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत त्यांचा तुटवडा पडला, तेव्हां नायलॉनच्या तारा प्रचारांत आल्या. आमच्या मुलांच्या हातीं दिसते ती बहुधा पोलादी तारांची, मोठ्या पेटाची अमेरिकन घाटाची गिटार होय. तिचा आवाज खणखणीत असतो, आणि बोटांना ती अधिक कठीण जाते.

आतां आपल्या देशाकडे वळूं. गोव्यांत सोळाव्या शतकापासून ख्रिस्तमंदिराला लागून धर्मग्रामाची शाळा असे. तेथें मुलांना प्रार्थना व अक्षरें ह्यांच्या जोडीला स्वरलेखन वाचावयास शिकवीत. शिकविणाऱ्याला 'मेस्त्री' म्हणत; तोच गायकवृंदाचा प्रमुख. ह्या शाळांतील मुख्य वाद्य व्हायोलिन होतें, हें खरें सांगितलें पाहिजे; गिटार मागाहून, घराच्या ओट्यावर व लग्नाच्या मांडवांत आली. परंतु स्वर वाचण्याची विद्या एकच, आणि ती फुकट मिळाली ती धर्मग्रामांत. त्या विद्येच्या बळावर गोव्याचीं शेंकडों मुलें मुंबईस गेलीं आणि तेथील वाद्यवृंदांत व पुढें चित्रपटांच्या संगीतांत शिरलीं. अंतोनियो झेवियर वाझ, ज्यांना लोक चिक चॉकलेट म्हणत, ते हळदोण्याचे. नगर जिल्ह्यांतील पुणतांब्यास जन्मलेल्या आपल्या सी. रामचंद्र ह्यांच्या गाण्यांत त्यांचा मोठा हात होता. अँथनी गोन्साल्विस हे १९२७ सालीं मजोर्डे येथें जन्मले. त्यांचे वडील तेथील ख्रिस्तमंदिराच्या गायकवृंदाचे शिक्षक होते. ह्याच अँथनींच्या जवळ संगीतकार प्यारेलाल शिकले, आणि १९७७ सालच्या 'अमर अकबर अँथनी' ह्या चित्रपटांतील एका गाण्यांत त्यांनीं गुरूचें नांव अमर केलें. तें गाणें आपल्यांतील पोराटोरांना पाठ आहे. तें नांव कोणाचें, हें मात्र थोड्यांनाच ठाऊक असतें.

तेव्हां 'सिनेमाचें वाद्य देवळांत आलें' ह्या तक्रारीला इतिहासाचें उत्तर असें आहे कीं, सिनेमाची ही विद्या प्रथम देवळांतून गेली. उसनें नेलेलें धन घरीं परत आलें, तर घरच्यांनीं दार लावून घ्यावें काय?

आतां एका हिवाळ्याच्या रात्रीची हकीकत सांगावयाची आहे. ती घडली आल्प्स पर्वताच्या पायथ्याशीं, पण तिचें फळ आपण दर वर्षीं नाताळाच्या मध्यरात्रीं परळींतहि चाखतों. ऑस्ट्रियांतील साल्झबुर्गजवळ ओबेर्नडोर्फ नांवाचें होड्या चालविणाऱ्या लोकांचें गांव आहे. १८१८ सालीं तेथें योसेफ मोहर नांवाचे सव्वीस वर्षांचे साहाय्यक धर्मगुरु होते. विणकाम करणाऱ्या एका गरीब अविवाहित स्त्रीचे ते पुत्र. एका दयाळू धर्मगुरूंनीं त्यांना शिकविलें, म्हणून ते पुढें आले. त्यांनीं दोन वर्षांपूर्वीं जन्मोत्सवावर एक कविता केली होती. २४ डिसेंबर १८१८ रोजीं ती त्यांनीं शेजारच्या गांवचे शाळामास्तर व वाद्यवादक फ्रांत्स ग्रुबर ह्यांच्याकडे नेली आणि दोन आवाज, गायकवृंद व गिटार ह्यांसाठीं चाल मागितली. त्याच रात्रीं ख्रिस्तमंदिरांत ती गाइली गेली. मोहर ह्यांनीं गिटार वाजवून वरचा आवाज गाइला आणि ग्रुबर ह्यांनीं खालचा. उंदरांनीं ऑर्गनचा भाता कुरतडला म्हणून गिटार घ्यावी लागली, अशी जी गोष्ट मुलांना सांगतात ती मागाहून जुळविलेली आहे. १८५४ सालीं ग्रुबर ह्यांनीं स्वतःच्या हातानें जी हकीकत लिहिली तींत उंदीर नाहींत. आहेत ते एक तरुण धर्मगुरु, एक शाळामास्तर आणि एक गिटार.

तें गीत म्हणजे 'शांत रात्र'. जगांतील असंख्य भाषांत तें गाइलें जातें. मोहर १८४८ सालीं मरण पावले तेव्हां त्यांच्याजवळ धन कांहीं उरलें नव्हतें. त्यांची गिटार मात्र आजहि हालाइन गांवच्या संग्रहालयांत जपून ठेविली आहे. सुज्ञ वाचकांनीं लक्षांत घ्यावें कीं, मोहर हे कांहीं नामांकित वादक नव्हते. ते हौशी होते.

पुढें पवित्र ख्रिस्तसभेनें वाद्यांविषयीं नियम केले, त्यांचाहि थोडा विचार करूं. २२ नोव्हेंबर १९०३ रोजीं, संगीताची आश्रयदात्री संत सिसिलिया हिच्या सणाच्या दिवशीं, पोप दहावे पायस ह्यांनीं उपासना-संगीतावर एक आज्ञापत्र काढिलें. त्या काळीं नाटकगृहांतील गाणें ख्रिस्तमंदिरांत शिरलें होतें. तें हांकून द्यावें हा हेतु. म्हणून पियानो व ढोल-झांजा ह्यांसारखीं गोंगाटाचीं वाद्यें त्यांनीं वर्ज्य केलीं. गिटारीचें नांव त्यांत घेतलेलें नाहीं. पण शिस्त इतकी कडक होती कीं ऑर्गनवांचून दुसरें वाद्य आणण्यास कोणी धजत नसे. त्यानंतर दुसरी व्हॅटिकन परिषद भरली, आणि ४ डिसेंबर १९६३ रोजीं उपासनेविषयींचा तिचा लेख प्रसिद्ध झाला. त्यांत ऑर्गनचा मान राखिला आहे. परंतु इतर वाद्यांनाहि अधिकाऱ्यांच्या संमतीनें प्रवेश दिला आहे. अट अशी कीं, तें वाद्य पवित्र उपयोगास योग्य असावें किंवा योग्य करितां यावें, मंदिराच्या प्रतिष्ठेला शोभावें, आणि त्यानें भाविकांची खरोखर उन्नति व्हावी. शिवाय ज्या देशांत स्वतःची संगीत-परंपरा आहे तेथें तिला योग्य मान द्यावा, असेंहि परिषदेनें सांगितलें. ह्या तत्त्वांचा खुलासा ५ मार्च १९६७ च्या सूचनापत्रांत पुन्हां केलेला आहे.

ह्या नियमांचें मर्म आम्हांस असें दिसतें कीं, ख्रिस्तसभा लांकडाची व तारांची जात विचारीत नाहीं. ती विचारते, हें वाद्य प्रार्थनेला हात देतें कीं आड येतें?

ज्या पेटीचा आमच्या वयोवृद्ध गृहस्थांनीं मोठ्या प्रेमानें उल्लेख केला तिचीहि कुळकथा ऐकण्यासारखी आहे. हार्मोनियमचा हक्क १८४२ सालीं पॅरिस येथें अलेक्झांद्र देबें ह्यांनीं नोंदविला. मिशनरी लोकांनीं ती इकडे आणिली. कलकत्त्याच्या कारागिरांनीं तिचे पाय काढून एका हातानें भाता हलवितां येईल अशी बैठकीची पेटी बनविली. तरी पुष्कळ जाणत्यांना ती परकीच वाटे. १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें तिला आपल्या केंद्रांतून बंदी केली, आणि ती बंदी सैल व्हावयास १९७१ साल उजाडलें. आज तीच पेटी आपण आपली म्हणतों, आणि तें खरेंच आहे. पिढ्यान् पिढ्या भक्तीनें वाजविलेलें वाद्य आपलें होतें. गिटारीचेंहि तसेंच होऊं लागलें आहे. जोधपूरचे ब्रिजभूषण काब्रा ह्यांनीं ती मांडीवर आडवी घेऊन तारांवर पोलादाचा तुकडा फिरवून राग आळविले. संतूर व बांसरी ह्यांच्या संगतींत त्यांनीं १९६७ सालीं दिलेली ध्वनिमुद्रिका सर्वत्र गाजली. त्याच वाटेनें पुढें गेलेले विश्वमोहन भट्ट ह्यांस १९९४ सालीं ग्रॅमी पारितोषिक मिळालें.

१९७१ सालाचा उल्लेख वर आला. आमच्या परळीच्या इतिहासांत तें साल ठळक आहे, कारण त्या सालीं येथील औष्णिक विद्युत् केंद्राचा पहिला संच सुरू झाला, आणि नोकरीनिमित्त दूरदूरच्या प्रांतांतून कुटुंबें ह्या क्षेत्राच्या गांवीं येऊं लागलीं. योगायोग असा कीं, त्याच सालीं 'हरे रामा हरे कृष्णा' हा चित्रपट निघाला. त्यांत धुराच्या लोटांत बेभान झालेलीं तरुण मुलें होतीं, आणि त्यांच्या मागें भूपिंदर सिंग ह्यांच्या गिटारीचा नाद होता. ज्या वडिलांनीं तें चित्र तेव्हां पाहिलें त्यांच्या मनांत गिटार आणि नशा ह्यांची गांठ बसली, ह्यांत नवल नाहीं. पुढें १९७७ सालीं, आपला बीड जिल्हा ज्यांत मोडतो तो औरंगाबाद धर्मप्रांत स्थापन झाला. मराठवाड्यांतील लहान लहान धर्मग्रामांत मराठी उपासना-गीतें रुजलीं. आणि पेटी-तबल्याच्या शेजारीं एखाद्या तरुणाची गिटारहि येऊन बसूं लागली.

आतां आम्हांस सभेंत उत्तर कां देतां आलें नाहीं तें सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं, आम्ही ह्या धर्मग्रामांत नुकतेच आलों असतां, एका कामगाराचा मुलगा गिटार घेऊन गायकवृंदांत बसूं लागला. त्याला गुरु कोणी नव्हता. मोबाईलवरील चित्रफिती पाहून तो घरीं शिकत असे. तो चुके, एक कॉर्ड सोडून दुसरी धरतांना गाणें पुढें निघून जाई आणि तो मागें राही. एके रविवारीं मिस्सा संपल्यावर, सर्वांच्या देखत, आम्ही त्याला म्हणालों, "हें पुढच्या रविवारपासून आणूं नकोस." त्यानें वाद उत्तर केलें नाहीं. गिटार कापडी गवसणींत घातली आणि निघून गेला. तो मिस्सेला येत राहिला, पण शेवटच्या बांकावर. त्याच्या मागोमाग आणखी तिघे गायकवृंद सोडून गेले. आम्ही मनाशीं म्हणालों, शिस्त लागली.

वर्षभरानें त्याची आई अंथरुणास खिळली. रुग्णाभ्यंगाचें पवित्र तेल घेऊन आम्ही त्यांच्या घरीं गेलों. संस्कार झाल्यावर ती माउली क्षीण आवाजानें म्हणाली, "फादर, त्याला एक गाणें वाजवूं द्या." स्वतःच्या घरांत, स्वतःच्या मुलासाठीं, ती आमची परवानगी मागत होती. ते शब्द आम्हांस अजून टोंचतात. मुलानें भिंतीवरची गिटार काढिली आणि पवित्र मरियेचें एक साधें गीत वाजविलें. तीन कॉर्डी, हळू ठेका, एकहि चूक नाहीं. वर्षभर तो घरीं आईपाशीं बसून वाजवीत होता. खोलींतील सर्वजण गाऊं लागले. आईचे ओठ हालत होते. आम्हांस मात्र आवाज फुटेना.

तिच्या मासिक मिस्सेनंतर आम्हीं त्या मुलाची क्षमा मागितली, आणि त्याला म्हणालों, "बाळ, आम्हांलाहि शिकव." तो प्रथम हंसला, मग त्यानें शिकविलें.

पन्नाशी उलटल्यावर नवशिका होणें धर्मगुरूच्या आत्म्याला हितकर असतें, असें आम्ही अनुभवानें सांगतों. व्यासपीठावरून उपदेश करणारा माणूस संध्याकाळीं एका विशीच्या मुलापुढें बसून ऐकून घेतो, "फादर, बोट पडद्यावर नको, पडद्याच्या किंचित् मागें ठेवा, मग तार कुरकुरणार नाहीं." पहिले दोन आठवडे डाव्या हाताच्या बोटांचीं टोकें हुळहुळत होतीं, पवित्र मिस्सेचा पेला धरतांनाहि जाणवे. महिन्याभरानें तेथें घट्टे पडले. घट्टे पडेपर्यंत जो टिकला तो पुढें बहुधा टिकतो.

आपल्यांतील ज्यांना पेटी येते त्यांच्यासाठीं गिटारीची मांडणी आपल्या भाषेंत सांगतों. तारा सहा, जाड तार वर, बारीक खालीं. प्रत्येक तारेचा स्वर तिच्या आधीच्या जाड तारेला षड्ज मानल्यास शुद्ध मध्यम असतो. अपवाद एकच: खालून तिसऱ्या तारेवरून दुसरीवर येतांना मध्यमाऐवजीं शुद्ध गंधाराचें अंतर असतें. एकेक पडदा म्हणजे एकेक अर्धा स्वर, आणि बाराव्या पडद्याशीं, म्हणजे तारेच्या बरोबर मध्यावर, वरचा षड्ज मिळतो. निरनिराळ्या तारांवर एकाच वेळीं बोटें ठेवून जो स्वरांचा जुडगा छेडतात ती कॉर्ड. षड्जाची, मध्यमाची व पंचमाची अशा तीन कॉर्डी आल्या कीं आपल्या साध्या उपासना-गीतांपैकीं पुष्कळ गीतांना साथ करितां येते. अवघड असतें तें कॉर्ड धरणें नव्हे, तर गाणें न थांबवितां एकीवरून दुसरीवर जाणें. त्यासाठीं रोज पंधरा मिनिटें बसावें; रविवारीं तीन तास बसून तें साधत नाहीं. सर्व तारा एकाच आडव्या बोटानें दाबावयाची कॉर्ड पुढें येते, तेथें पुष्कळ शिकाऊ गळतात. आम्हीहि तेथें चार महिने अडकलों होतों.

येथील हवेविषयींहि सांगितलें पाहिजे. परळीचा उन्हाळा कोरडा व कडक. पत्र्याच्या खोलींत किंवा उन्हांत उभ्या केलेल्या वाहनांत गिटार ठेवल्यास लांकूड आकसतें, फळी तडकते, मान वांकते. ती गवसणींत, थंड भिंतीच्या आडोशाला ठेवावी. तारा गंजल्या कीं बदलाव्या. जुन्या तारांचा सूर लागत नाहीं आणि शिकणारा उगीच स्वतःला दोष देतो.

एवढें होऊनहि आम्ही मिस्सेंत गिटार वाजवीत नाहीं. तितकी आमची योग्यता नाहीं. सायंप्रार्थना आटोपल्यावर धर्मगुरुनिवासाच्या ओसरीवर अर्धा तास वाजवितों. येणाऱ्याजाणाऱ्यांना तें ऐकूं येतें, आणि आमच्या चुकाहि ऐकूं येतात. एकदां रस्त्यानें जाणारा एक लहान मुलगा थांबून म्हणाला, "फादर, तुमचंसुद्धां चुकतं?" त्या दिवसापासून तो शिकावयास येतो. हौशी माणसाला युरोपांतील भाषांत जो शब्द आहे तो लॅटिन 'आमातोर' ह्या शब्दापासून निघाला. त्याचा मूळ अर्थ 'प्रीति करणारा'. सेमिनरींत तो धातु आम्हीं पहिल्याच वर्षीं पाठ केला होता. त्याचा अर्थ ओसरीवर समजला. जो पैशासाठीं वाजवीत नाहीं, नांवासाठीं वाजवीत नाहीं, चुकला तरी पुन्हां बसतो, तो प्रीतीनेंच बसत असला पाहिजे.

तेव्हां आमच्या गायकवृंदासाठीं आम्हीं थोडकीं पथ्यें ठरविलीं आहेत. वाद्यानें शब्दांना झांकूं नये. ध्वनिवर्धकाचा आवाज गाणाऱ्यांच्या आवाजाहून खालीं असावा. पवित्रीकरणाच्या वेळीं सर्व वाद्यें स्तब्ध असावीं. पेटी व तबला ह्यांना उठवून गिटार बसवूं नये. एकाच चटईवर सर्वांनीं बसावें. आणि चुकणाऱ्याला सर्वांच्या देखत कोणीं बोलूं नये. हें शेवटचें पथ्य प्रथम धर्मगुरूनें पाळावें.

हा लेख छापावयास देण्यापूर्वीं आम्ही त्या वयोवृद्ध गृहस्थांच्या घरीं गेलों आणि त्यांना तो आरंभापासून वाचून दाखविला. त्यांनीं चष्मा काढून पुसला. कांहीं वेळानें म्हणाले, "पेटीला रेडिओनें बंदी केली होती, हें मला ठाऊक नव्हतें." मग म्हणाले, "वाजवूं द्या पोरांना, फादर. पण शब्द ऐकूं आले पाहिजेत." आम्हीं त्यांना सांगितलें, "काका, परिषदेच्या लेखाचेंहि सार हेंच आहे."

ज्या मुलानें आम्हांस शिकविलें तो आतां नोकरीसाठीं दुसऱ्या शहरीं राहतो. महोत्सवाच्या मिस्सेला येण्याचें त्यानें कबूल केलें आहे. त्याची जागा डाव्या अंगाच्या बांकावर, पेटीच्या शेजारीं, राखून ठेविली आहे. आपण सर्वांनीं त्या दिवशीं मोकळ्या कंठानें गावें, आणि ज्यांनीं ह्या मंदिरांत गाऊन आतां शेवटची विश्रांति घेतली आहे, त्या सर्वांची, विशेषतः त्या माउलीची, परम दयाळू परमेश्वरापुढें आठवण करावी, ही आमची नम्र विनंति.

ख्रिस्तांत आपला सेवक,
धर्मगुरु, परळी वैजनाथ